गुडघ्यामागे अडकलेली धमनी: कोणती शस्त्रक्रिया, कधी आणि का

पळताना पोटरी गच्च धरते, पाऊल बधिर पडतं, थांबलं की दोन-पाच मिनिटांत सुटतं आणि पुन्हा पळायला लागलं की जवळपास त्याच अंतरावर पुन्हा धरतं. साठीच्या, वर्षानुवर्षं बिडी ओढणाऱ्या माणसाने हे सांगितलं तर कोणताही डॉक्टर आधी पायाच्या नाड्या चाचपतो. इंदूरच्या चिमणबाग मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या २२ वर्षांच्या मुलाने हेच सांगितलं, तर 'स्नायू खेचला असेल' म्हणून मलम, क्रेप बँडेज आणि आठ दिवसांची विश्रांती मिळते. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण काही थोड्या तरुणांत दुखण्याचं मूळ स्नायूत नसतं. गुडघ्यामागून जाणारी मुख्य धमनी तिथे दाबली जात असते, आणि तिकडे लक्ष जाईपर्यंत वर्ष-दोन वर्षं निघून जातात.

रिपोर्टवर या आजाराचं नाव 'पॉप्लिटिअल आर्टरी एन्ट्रॅपमेंट सिंड्रोम' असं येतं. आजार दुर्मीळ आहे. तरुण पुरुषांत, त्यातही खेळाडूंत तो जास्त दिसतो. मल्लखांब हा २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्य खेळ आहे, खो-खोची तर इंदुरात जुनी परंपरा. त्यामुळे रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगरातल्या ज्या घरांत मुलं रोज आखाड्यात किंवा मैदानावर असतात, त्यांनी हे वाचून ठेवावं. निदान झालंय आणि 'ऑपरेशन करावं लागेल' हे कानावर पडलंय, अशांसाठी तर हा लेख आहेच.

पुढचं सगळं एका प्रश्नाभोवती फिरतं: धमनी फक्त दाबली जाते आहे, की दाबून दाबून तिची भिंतच खराब झाली आहे? कोणती शस्त्रक्रिया करायची, ती किती मोठी असेल आणि ती किती वर्षं टिकेल, हे या उत्तरावर ठरतं.

नेमकं काय अडकतं

पोटरीचा मोठा स्नायू वर गुडघ्याजवळ दोन डोक्यांनी मांडीच्या हाडाला चिकटलेला असतो, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. गुडघ्यामागच्या लवणीत या दोघांच्या मधून धमनी खाली उतरते. गर्भावस्थेत आतल्या बाजूचं डोकं बाहेरून आत सरकत आपल्या जागी येतं, आणि त्याच सुमारास धमनीही घडत असते. या दोन्हींचा मेळ चुकला की धमनी स्नायूच्या भलत्या बाजूला तरी जाते, नाहीतर त्याच्याखाली सापडते. मग प्रत्येक पावलाला, पोटरी आवळली की धमनी चिमटते.

सर्जन याचे सहा प्रकार मानतात. पहिल्यात स्नायू जागेवर असतो पण धमनी त्याला वळसा घालून आतल्या बाजूने जाते. दुसऱ्यात स्नायूच चुकीच्या जागी चिकटलेला असतो. तिसऱ्यात स्नायूचा एखादा जास्तीचा पट्टा धमनीवरून जातो. चौथ्यात धमनी आणखी खोल, पॉप्लिटिअस नावाच्या छोट्या स्नायूखाली किंवा एखाद्या तंतुमय पट्ट्याखाली सापडते. पाचव्यात धमनीसोबत शीरही (रक्त हृदयाकडे परत नेणारी वाहिनी) दाबली जाते, त्यामुळे पायाला सूज येऊ शकते. सहाव्यात रचनेत काहीच चूक नसते, फक्त व्यायामाने पोटरी इतकी भरलेली असते की ती आवळली की धमनी दबते. या सहाव्या प्रकाराला 'फंक्शनल' म्हणतात. त्याचा हिशेब पुरता वेगळा आहे, त्यावर पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

ही रचना पहिल्यांदा नोंदवली १८७९ मध्ये एडिनबरा इथल्या स्ट्युअर्ट नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने, तीही कापलेल्या पायाचं विच्छेदन करताना. जिवंत रुग्णावर उपचार व्हायला पुढची ऐंशी वर्षं जावी लागली. १९५९ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या हॅमिंग यांनी १२ वर्षांच्या एका मुलावर केलेली शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली. आज एवढी साधनं असूनही निदान उशिरा होतं, कारण तरुणाच्या पायाची नाडी कोणी बघत नाही.

दाब वर्षानुवर्षं चालू राहिला की धमनीची भिंत जाड आणि कडक होते. आतला मार्ग अरुंद होतो. अरुंद जागेच्या पुढे धमनी फुगते, फुगवट्यात गुठळी धरते, ती सुटून पावलाच्या बारीक वाहिन्यांत जाते, नाहीतर जागेवरच सगळा रस्ता बंद करते. लवकर निदान म्हणजे छोटी शस्त्रक्रिया, असं म्हणतात ते यामुळे.

पहिली पायरी: निदान खरोखर पक्कं आहे का

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी इथे वेळ घालवा. पोटरी दुखण्याची इतर कारणं बरीच आहेत आणि त्यांतली बहुतेक या आजारापेक्षा जास्त आढळतात. पोटरीच्या कप्प्यात (घट्ट आवरणात बांधलेल्या स्नायूंच्या गटात) व्यायामाने दाब वाढणं, नडगीच्या हाडाला ताणाने गेलेली बारीक चीर, कमरेतून दबलेली मज्जा (म्हणजे मज्जातंतू, नर्व्ह) ही त्यांतली नेहमीची. सिगारेट, बिडी किंवा तंबाखू असेल तर बर्जर आजाराची शंका आधी घ्यावी लागते. तो पाऊल आणि बोटांच्या बारीक वाहिन्यांपासून वर चढतो आणि त्यावरचा पहिला उपचार तंबाखू कायमची सोडणं हाच आहे.

तपासण्यांचा क्रम साधारण असा असतो.

सुरुवात होते घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढण्याने. रिपोर्टवर याला 'एबीआय' म्हणतात. १.० ते १.४ ठीक, ०.९० किंवा त्याखाली बिघाड. पण या आजाराच्या सुरुवातीला बसल्या जागी आकडा अगदी चांगला येतो. म्हणून ट्रेडमिलवर पळवून किंवा पंजांवर चढउतार करायला लावून, दुखायला लागल्यावर लगेच पुन्हा मोजावा लागतो. आकडा तेव्हा २० टक्क्यांहून जास्त घसरला, तर धमनीचा माग काढायलाच हवा. फक्त विश्रांतीतला एबीआय बघून कोणी 'रक्तपुरवठा उत्तम आहे' म्हणालं, तर व्यायामानंतरचा का नाही काढला हे नम्रपणे विचारा.

मग कलर डॉपलर, म्हणजे वाहिनीतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. इथे नुसतं आडवं पडून केलेलं डॉपलर पुरत नाही. गुडघा सरळ ठेवून, तंत्रज्ञाच्या हाताविरुद्ध पंजा खाली जोराने दाबायचा आणि त्या वेळी धमनीतला प्रवाह बघायचा. इंदुरातच काय, मोठ्या शहरांतही नेहमीच्या डॉपलरमध्ये हे आपणहून केलं जाईलच असं नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या.

पण पूर्ण निरोगी, काहीही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांतही पंजा जोराने दाबला की ही धमनी दबते. म्हणजे एकट्या डॉपलरवर 'एन्ट्रॅपमेंट' लिहून आलं म्हणून कोणी पाय उघडायला निघालं, तर थांबा. तक्रार, व्यायामानंतरचा एबीआय, डॉपलर आणि एमआरआय, या सगळ्यांनी एकाच ठिकाणी बोट दाखवलं पाहिजे.

या आजारात मला सगळ्यांत मोलाची तपासणी एमआरआयची वाटते. सीटी अँजिओत (रंगद्रव्य देऊन काढलेल्या धमन्यांच्या सीटीत) धमनी सुरेख दिसते, पण तिच्यावर नेमका कोणता स्नायू चढलाय हे एमआरआयमध्ये जास्त स्पष्ट कळतं, आणि सर्जनला ऑपरेशन आखायला तेच हवं असतं. कॅथेटर (बारीक नळी) घालून केलेली अँजिओग्राफी आता मुख्यतः बंद पडलेल्या किंवा फुगलेल्या धमनीत, पुढच्या वाहिन्या कशा आहेत ते बघायला करतात. सीटी किंवा अँजिओग्राफीच्या आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) बघून घ्यावं. सगळ्या तपासण्यांच्या फिल्मसोबत सीडीही मागून घ्या. दुसरं मत घ्यायला मुंबईला किंवा पुण्याला गेलात, तर तिथल्या डॉक्टरांना ती चित्रं स्वतःच्या संगणकावर उलटसुलट करून बघायची असतात.

एक भाऊबंद आजारही याच जागी असतो आणि एमआरआयमध्येच सापडतो. धमनीच्या बाहेरच्या आवरणात चिकट, जेलीसारख्या द्रवाची गाठ होते आणि ती धमनीला बाहेरून आवळते. तो बहुधा चाळिशीच्या आसपासच्या पुरुषांत दिसतो. त्यात गुडघा पूर्ण दुमडला की पावलाची नाडी नाहीशी होऊ शकते. त्याची शस्त्रक्रिया निराळी आहे.

तरुणाच्या पायात गुठळी सापडली तर ती हृदयातून आलेली नाही ना, हे बघायला ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो. हृदयाच्या झडपांचा संधिवाती आजार आपल्याकडे अजून भेटतो, त्यामुळे ही तपासणी टाळू नये.

मध्येच: कधी थांबायचंच नाही

पाय अचानक गार, पांढुरका किंवा काळानिळा पडला, बसल्या जागी असह्य दुखू लागला, स्पर्श कळेनासा झाला, बोटं हलेनाशी झाली, तर धमनी पूर्ण बंद झाल्याची शक्यता आहे. साधारण सहा तासांनंतर स्नायू आणि मज्जांचं नुकसान कायमचं होऊ लागतं. अशा वेळी फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना उघडायची वाट बघू नका. १०८ बोलवा, आणि जिथे रात्रीही रक्तवाहिन्यांचे सर्जन आणि कॅथलॅब मिळेल तिथे सरळ जा. निघतानाच फोन करून विचारा, नाहीतर एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाण्यात तास-दोन तास सहज जातात. तोवर पाय गरम पाण्याने शेकू नका, बधिर कातडी भाजते आणि कळतही नाही. 'नस चढली' म्हणून तेल लावून रगडून घेणं तर नकोच.

दुसरी पायरी: तुमच्या धमनीला कोणती शस्त्रक्रिया

*धमनी दबते, पण भिंत शाबूत आहे.* इथे फक्त सुटका करायची. ज्या स्नायूने किंवा पट्ट्याने धमनी धरली आहे तो कापायचा आणि धमनी वरपासून खालपर्यंत पूर्ण मोकळी झाल्याची खात्री करायची. पहिल्या-दुसऱ्या प्रकारांत पोटरीच्या स्नायूचं आतलं डोकं हाडाजवळ सोडवतात, तिसऱ्यात जास्तीचा पट्टा काढतात, चौथ्यात पॉप्लिटिअस किंवा तंतुमय पट्टा. 'स्नायू कापला तर पोरगा पळेल कसा?' ही घरच्यांची पहिली भीती असते. आतलं डोकं सोडवलं तरी पोटरीच्या ताकदीत जाणवण्याजोगा फरक सहसा पडत नाही आणि बहुधा ते परत शिवायचीही गरज लागत नाही. सगळ्या पर्यायांत हा सर्वांत चांगला, कारण धमनी तुमची स्वतःची राहते. यात वेळेत आलेल्या रुग्णाचा निकाल बहुधा टिकाऊ असतो.

*भिंतीचा थोडा भाग खराब, पण धमनी चालू.* सुटका तर करायचीच, शिवाय धमनी उघडून आतला जाड थर किंवा गुठळी काढायची आणि छेद शिवताना शिरेचा छोटा तुकडा ठिगळासारखा लावायचा, म्हणजे मार्ग अरुंद होत नाही. हा पर्याय मोजक्याच रुग्णांना लागू पडतो. भिंत जास्त खराब असेल तर ठिगळ लावलेला भाग पुन्हा बंद पडण्याची भीती असते, म्हणून अनेक सर्जन तेवढा तुकडा बदलणंच पसंत करतात.

*धमनी बंद आहे किंवा फुगली आहे.* खराब तुकडा कापून काढायचा आणि त्या जागी शिरेचा तुकडा जोडायचा. बंद भाग लांब असेल तर त्याला वळसा घालून, वरच्या चांगल्या धमनीपासून खालच्या चांगल्या धमनीपर्यंत शिरेचा नवा मार्ग काढायचा, म्हणजे बायपास. शीर घेतात ती बहुधा घोट्यापासून जांघेपर्यंत कातडीखालून जाणारी लांब शीर. छोटा तुकडाच लागत असेल तर पोटरीमागची आखूड शीर त्याच छेदातून मिळू शकते. शिरेत झडपा असतात, म्हणून तुकडा उलटा करून जोडतात, नाहीतर त्या रक्त अडवतील. शीर काढल्याने पायाचं अडत नाही, रक्त परत नेण्याचं मोठं काम आतल्या खोल शिरा करतात. ऑपरेशनच्या आधी डॉपलरने शिरेचं मोजमाप होतं, ३ मिलिमीटरच्या वरची, कुठे अडथळा नसलेली शीर चांगली.

कृत्रिम नळी का नाही? गुडघ्यावर आणि त्याच्या खाली, विशेषतः तरुणात, स्वतःची शीर कृत्रिम नळीपेक्षा जास्त टिकते. शीर उपलब्ध असताना कोणी कृत्रिम नळीची भाषा केली तर कारण विचारा. आखूड तुकडा लांब बायपासपेक्षा बरा, हेही लक्षात असू द्या. काही वर्षं उशीर झाला तर आखूड तुकड्याच्या जागी लांब बायपास लागू शकतो.

*ताजी गुठळी.* पायाला अजून तग धरायला वेळ असेल, म्हणजे स्पर्श आणि हालचाल बऱ्यापैकी शाबूत असेल, तर कॅथेटर गुठळीपर्यंत नेऊन ती विरघळवणारं औषध काही तास ते एक-दोन दिवस आयसीयूत सोडतात. यात रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून नुकतंच दुसरं ऑपरेशन किंवा मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना ते देत नाहीत. पाय धोक्यात असेल तर लगेच ऑपरेशन करून फुग्याच्या कॅथेटरने गुठळी ओढून काढतात. बराच वेळ अडलेलं रक्त परत सुरू झालं की पोटरी आतून सुजते, तेव्हा कातडी आणि आवरण लांब उघडून दाब मोकळा करावा लागतो. ती जखम बघून नातेवाईक हादरतात, पण पाय वाचवण्याचा तो भाग आहे. नंतर ती शिवतात किंवा तिच्यावर कातडी लावतात. गुठळी विरघळली आणि पाय गरम झाला म्हणून घरी निघून जाऊ नका. दाबणारा स्नायू तिथेच आहे. सुटका केली नाही तर गुठळी परत होणार.

*स्टेंट.* याबद्दल माझं मत ठाम आहे. ज्या धमनीला बाहेरून स्नायू चिमटतो, तिच्यात नुसता स्टेंट घालणं म्हणजे तार पुन्हा पुन्हा एकाच जागी वाकवण्यासारखं आहे. तो दबतो, मोडतो, बंद पडतो, आणि पुढचं ऑपरेशन अवघड करून ठेवतो. हृदयाच्या स्टेंटची घरोघरी सवय झाल्याने 'छोटं छिद्र, दुसऱ्या दिवशी घरी' हे ऐकायला गोड वाटतं. तरुण रुग्णाला, निदान या आजाराचं असताना, फक्त स्टेंट सुचवला गेला तर दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या किंवा चालण्याचं अंतर वाढवणाऱ्या गोळ्यांनीही दाब जात नाही.

*द्रवाची गाठ असलेला भाऊबंद आजार.* धमनी चालू असेल तर गाठ आवरणासकट काढतात. बंद असेल तर तेवढा तुकडा काढून शीर जोडतात. सुईने द्रव ओढून काढणं सोपं, पण तो घट्ट असल्याने नीट येत नाही आणि गाठ परत भरते.

फंक्शनल प्रकार: इथे घाई नको

रचना ठीक, भिंत ठीक, फक्त भरलेली पोटरी. असा रुग्ण सहसा चांगला खेळाडू असतो आणि त्याला पुढच्या स्पर्धेची घाई असते. पण इथे धमनी खराब होण्याचा धोका रचना बिघडलेल्या प्रकारांइतका मोठा नाही आणि दुखण्याचं कारण दुसरंच निघण्याची शक्यता बरीच. आधी सराव कमी करून, पळण्याची पद्धत बदलून, काही महिने बघावं. व्यायामाआधी आणि नंतर पोटरीच्या कप्प्यांचा दाब सुई घालून मोजून घ्यावा. दोन्ही आजार एकाच पायात असू शकतात, आणि मग नुसती धमनी सोडवून दुखणं जात नाही. काही ठिकाणी पोटरीत बोटॉक्सचं (स्नायू सैल पाडणारं) इंजेक्शन देतात. असर काही महिने राहतो, आणि हा उपचार अजून पक्का रुळलेला नाही. एवढं सगळं करूनही तक्रार ठाम असेल तरच सुटकेचं ऑपरेशन.

दुसरा पाय

या आजारात दुसऱ्या पायातही तीच रचना सापडण्याचं प्रमाण बरंच आहे, तिथे दुखत नसलं तरी. म्हणून तपासण्या दोन्ही पायांच्या करून घ्या. दुसऱ्या पायात रचना स्पष्ट चुकीची असेल तर बरेच सर्जन भिंत खराब होण्याआधी तिथेही सुटका करायला सांगतात. फंक्शनल प्रकारात दुखत नसलेला पाय उगाच उघडू नये.

तिसरी पायरी: इंदुरात कुठे, कोणाकडे, कशी तयारी

सर्जन निवडताना डिग्री बघा: एमसीएच किंवा डीआरएनबी, आणि विषय व्हॅस्क्युलर सर्जरी. हृदयाच्या सर्जनपैकी काही जण पायाच्या वाहिन्यांचंही काम करतात, तेव्हा पाटीवरचं नाव बघून ठरवू नका, हे ऑपरेशन त्यांनी स्वतः केलं आहे का ते विचारा. आजारच दुर्मीळ, त्यामुळे उत्तर मोठ्या आकड्यात येणार नाही आणि त्यात कमीपणाही नाही. सरकारी मार्गाने जायचं तर एमवाय रुग्णालय आणि एमजीएम मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय इथे आधी ओपीडीत दाखवून, तिथे रक्तवाहिन्यांचं काम कोण आणि कोणत्या वारी बघतं याची चौकशी करा. नोकरीत ईएसआय कपात होत असेल तर नंदानगरच्या ईएसआयसी रुग्णालयातून पुढे पाठवणी मिळू शकते. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर अवंतिका एक्स्प्रेसने रात्रभरात मुंबई गाठून एकदा दुसरं मत घेणं मी तरी जास्तीचं मानणार नाही, विशेषतः बायपास सुचवला असेल तेव्हा.

आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण रुग्णालय योजनेत हवं, तुमचं ऑपरेशन त्यांच्या पॅकेजच्या यादीत बसायला हवं आणि आधी मंजुरी यायला हवी. भरती होण्याआधी आयुष्मान मित्राच्या खिडकीवर जाऊन ऑपरेशनचं नेमकं नाव लिहून दाखवा. खासगी विमा असेल तर जन्मजात रचनेच्या आजारांबाबतचं कलम वाचा. 'जन्मजात' हा शब्द कागदावर आला की कंपन्या अडवून धरू शकतात. शरीराच्या आतला जन्मजात दोष आणि बाहेर दिसणारा दोष यांत विमा फरक करतो, आणि हा आतला आहे. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीत स्पष्ट आलेलं बरं.

सर्जनला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या:

- माझा कोणता प्रकार आहे, आणि भिंत खराब झाली आहे का?
- छेद मागून घेणार की आतल्या बाजूने, आणि का?
- आत गेल्यावर भिंत खराब निघाली तर काय कराल? शीर कोणत्या पायाची घ्याल?
- सुटका पुरेशी झाली हे टेबलावरच कसं तपासाल?

दुसऱ्या प्रश्नाचं कारण सांगतो. मागून छेद घेतला की लवणीतली सगळी रचना समोर येते, कोणता पट्टा कुठे आहे ते नीट दिसतं. रुग्णाला पालथं झोपवतात, छेद इंग्रजी एस अक्षरासारखा वळणदार असतो, गुडघ्याच्या वळीवर आडवा जातो, म्हणजे व्रण आखडून गुडघा अडत नाही. आतल्या बाजूच्या छेदातून लांब बायपास आणि लांब शीर काढणं सोयीचं, पण काही पट्टे नजरेआड राहू शकतात. एकच बरोबर असं नाही, कारण मात्र सांगता आलं पाहिजे.

तंबाखू, गुटखा, सिगारेट आजपासून बंद. जोडलेली शीर बंद पडायला धूर पुरेसा असतो.

ऑपरेशनचे दिवस आणि घरी आल्यावर

भूल पाठीतून किंवा पूर्ण देतात. नुसती सुटका असेल तर दोन-तीन दिवसांत घरी जाता येतं, शीर जोडली असेल तर जास्त. दुसऱ्या दिवसापासून आधाराने चालवतात. नर्स दर थोड्या वेळाने पावलाची नाडी बघतात. पाऊल अचानक गार पडलं किंवा दुखणं एकदम वाढलं तर रात्रीचे तीन वाजले असले तरी बेल दाबा.

धोके सांगायचे तर जखमेत रक्त साठणं, जंतुसंसर्ग, शिरेत गुठळी, जोडलेली शीर बंद पडणं, आणि मज्जेला इजा. लवणीत धमनीच्या वरूनच मोठी मज्जा जाते, पोटरीमागून बारीक मज्जा उतरते. पावलाच्या बाहेरच्या कडेला किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला थोडा बधिरपणा काहींना राहतो, बहुधा हळूहळू कमी होतो. पाऊल वर उचलता येत नसेल तर मात्र लगेच दाखवा.

टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर उकिडवं बसणं, मांडी घालून जेवणं आणि भारतीय पद्धतीचा संडास टाळा. घरात कमोड नसेल तर खुर्चीवाला स्टँड औषधांच्या दुकानात मिळतो, ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा. शीर जोडली असेल तर गुडघा पूर्ण दुमडून तासन्‌तास बसायची सवय कायमचीच सोडा. स्कूटर किंवा मोटरसायकल जखम भरून गुडघा विनासायास वळेपर्यंत नको. पायाला सूज पहिले काही आठवडे संध्याकाळी येते, झोपताना पाय उशीवर ठेवा.

चालणं रोज थोडं वाढवा. सुटकेच्या ऑपरेशननंतर हलकं पळणं साधारण सहा आठवड्यांनी आणि पूर्ण सराव तीन महिन्यांच्या आसपास, तोही सर्जनने व्यायामानंतरचा एबीआय बघून हो म्हटल्यावर. शीर जोडलेल्यांना आणखी थांबावं लागतं. वस्तादांना आणि प्रशिक्षकांना हे कागदावर दाखवा, तोंडी सांगितलेलं स्पर्धेच्या तोंडावर कोणी ऐकत नाही. शीर जोडली असेल तर ॲस्पिरिन बहुधा दीर्घकाळ चालू राहते. दात काढायच्या आधी स्वतःच्या मनाने ती बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांचं बोलणं होऊ द्या.

डॉपलर पहिल्या वर्षी साधारण १, ३, ६ आणि १२ महिन्यांनी होतो, नंतर वर्षातून एकदा. सुटका झालेल्यांनी तो पंजा दाबून करून घ्यावा, कारण राहून गेलेला पट्टा विश्रांतीत दिसत नाही. जोडलेल्या शिरेच्या रिपोर्टमध्ये दोन आकडे स्वतः बघा: कुठेही वेग सेकंदाला ३०० सेंटीमीटरच्या वर, किंवा सगळ्या शिरेतला सरासरी वेग ४५ च्या खाली. यांतलं काही दिसलं किंवा एबीआय मागच्या वेळेपेक्षा ०.१५ ने घसरला असेल, तर पाय दुखत नसला तरी पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात सर्जनकडे जा. अरुंद झालेली शीर चालू असताना दुरुस्त होते, पूर्ण बंद पडल्यावर ती परत चालू करणं फार कठीण.